तळाशी दूध : कोरफडीच्या ३० बाटल्यांचं प्रकरण

"मावशी, बाटल्यांना दही लागलंय."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याचा हा निरोप आला आणि मागोमाग फोटो, त्याच्या टिश्यू कल्चरचे, म्हणजे रोपाच्या तुकड्यापासून बाटलीत नवी रोपं वाढवण्याच्या उद्योगाचे. जॅमच्या बाटल्या, आत अगर नावाच्या पारदर्शक जेलीवर उभी असलेली कोरफडीची बोटभर हिरवी रोपं. वरून सगळं छान. पण प्रत्येक रोपाच्या बुडाशी, अगरच्या आत, निवळी न फुटलेल्या ताकासारखं पांढरट काहीतरी पसरलेलं. ३० पैकी १९ बाटल्यांत हीच गत. चिरंजीवांनी निदानही करून टाकलं होतं: बाटल्या निर्जंतुक करायला कुकर कमी पडतोय, उद्याच ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राची, ऑर्डर देतो. मी एवढंच लिहिलं, "मी येईपर्यंत काही विकत घेऊ नकोस आणि काही फेकूही नकोस."

कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवल्यावर नातलगांत माणसाचा फॅमिली डॉक्टर होतो, फक्त झाडांचा. त्यामुळे मी इंदुरातच राजेंद्र नगरहून लोकमान्य नगरला जाणं क्रमप्राप्तच होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. भाच्याकडे कोरफडीची १४ रोपं होती, जाड आणि रुंद पानांची, चार वर्षं निवडून निवडून जमवलेली. इंदूरजवळच्या सांवेरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला अशीच रोपं एकरभर लावायची होती. दोन फुटांवर ओळ आणि दोन फुटांवर रोप धरलं तर एकराला १०,८९० रोपं लागतात. कोरफड बियांपासून करायची सोय नाही. बी धरतं क्वचित, आणि धरलंच तर रोपं आईसारखी निघतील याचा भरवसा नसतो. म्हणून सगळं जग तिची पिल्लं वेगळी काढून लावतं. एक रोप वर्षाला तीन-चार पिल्लं देतं. उदार मनाने चार धरली आणि पिल्लंही पहिल्याच वर्षी व्यायला लागतील असं मानलं (ती लागत नाहीत), तरी १४ चे ७०, ७० चे ३५०, मग १,७५० आणि चौथ्या वर्षाअखेर ८,७५०. शेतकरी काही इतका थांबणार नव्हता. त्याचं म्हणणं असं की, "मैडम, ग्वारपाठा ही तो है, कहीं भी लग जाता है." लागतं खरं, पण दहा हजार एकदम नाही लागत.

टिश्यू कल्चरचं गणित कागदावर मोहक दिसतं. ३० निरोगी तुकडे बाटलीत रुजले आणि दर पाच आठवड्यांनी एकाचे तीन झाले, तर सहाव्या फेरीला २१,८७०. सात-आठ महिन्यांत काम फत्ते! या विद्येभोवती जादूचं वलय पहिल्यापासून आहे. १९९० साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा आणि सहकाऱ्यांनी बाटलीतल्या बांबूला फुलं आणली. जो बांबू रानात फुलायला कित्येक दशकं घेतो, तो टीचभर असताना बाटलीत फुलला. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. भाच्याच्या डोळ्यांत मला तीच चमक दिसत होती, फक्त त्याच्या कागदावर बाद होणाऱ्या बाटल्यांचा रकाना नव्हता.

प्रयोगशाळा म्हणजे गच्चीलगतची खोली. एसी २५ अंशांवर, भिंतीला रॅक, एलईडी ट्यूबा आणि १६ तास उजेड, ८ तास अंधार असा टायमर. एक सेकंडहँड लॅमिनार, म्हणजे गाळलेली हवा अंगावर सोडणारी काचेची पेटी, जिच्यात बाटल्या उघडून काम करायचं. माध्यम, म्हणजे रोपांचं बाटलीतलं अन्न, तयार पुडीतलं, एमएस. मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूसाठी बसवलेली ही क्षारांची पाककृती. तंबाखूवरून निघाली ती केळी, ऊस, ऑर्किड सगळ्यांच्या पंगतीला वाढली गेली. लिटरला ३० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम अगर, पीएच ५.८, आणि फुटवे यावेत म्हणून बीएपी नावाचं संप्रेरक लिटरला २ मिलिग्रॅम. हे सगळं भाचेसून करायची. हात अतिशय स्वच्छ, मापं काटेकोर. मी उभी राहून पाहिलं आणि मला नाव ठेवायला जागा सापडली नाही, हे कबूल करते.

जुलैत त्यांनी ६० तुकडे लावले होते, एका बाटलीत चार, म्हणजे १५ बाटल्या. पाच दिवसांत तीन बाटल्यांत बुरशी आली: कापसासारखी, मध्ये काळे ठिपके. त्या टाकल्या. उरलेल्या बारा महिनाभर काचेसारख्या स्वच्छ राहिल्या, तुकडे फुगले, हिरवे झाले, बुडाशी डोळे फुटले. घरात पेढे आले. मग सुनेने ते फुटवे कापून वेगळे केले, ३० बाटल्यांत लावले, आणि दहा दिवसांनी दही.

मी पहिल्यांदा विचारलं, "कोऱ्या बाटल्या कुठे आहेत?" कोऱ्या म्हणजे माध्यम भरलेल्या, शिजवलेल्या, पण आत काहीच न लावलेल्या. एकही नव्हती. माध्यम महाग, वाया कशाला घालवायचं, असा हिशेब! मग आम्ही सहा बाटल्या मुद्दाम केल्या. तीन कुकरमधून काढून तशाच बंद ठेवल्या. तीन लॅमिनारमध्ये नेऊन, एक रोप लावायला जितका वेळ लागतो तितका वेळ उघड्या धरून, नुसता चिमटा आत टेकवून परत बंद केल्या. दहा दिवस थांबलो. सहाही स्वच्छ.

कुकर सुटला. त्याच्यावरचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता म्हणा. निर्जंतुक करायला १५ पौंड दाबाखाली १२१ अंश तापमान १५ ते २० मिनिटं लागतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि कुकरच्या आतही अंशभर तापमान कमी भरतं. पण पाच मिनिटं जास्त ठेवली की तो फरक भरून निघतो. फक्त शिट्ट्या मोजायच्या नाहीत. वरण शिट्ट्यांवर होतं; माध्यमाला पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून घड्याळ लावायचं. सून हे आधीपासूनच करत होती. ऑटोक्लेव्हचे पैसे वाचले. उघड्या बाटल्याही स्वच्छ राहिल्या, त्यामुळे लॅमिनार आणि सुनेचा हात हेही सुटले.

खरं तर फोटोतच उत्तर होतं. हवेतून पडलेली बुरशी अगरच्या पृष्ठभागावर कुठेही ठिपक्यासारखी उगवते, आणि तीन ते पाच दिवसांत दिसते. इथे महिनाभर काही नाही, आणि मग नेमकं रोपाच्या कापलेल्या बुडाभोवती कडं. १९ च्या १९ बाटल्यांत बुडाभोवतीच. म्हणजे घाण बाहेरून आत गेलेली नव्हती, रोपातून बाहेर आली होती. बॅक्टेरिया पेशींच्या मधल्या जागांत बसून होते. कापेपर्यंत गप्प राहिले, आणि कापल्यावर साखरेचं माध्यम समोर आल्याबरोबर पसरले.

मग आम्ही खाली अंगणात गेलो. १४ आई-रोपं कडुनिंबाखाली काळ्या मातीत, नळाजवळ. पाणी पाइपने वरून. त्यात जुलै-ऑगस्टचा पाऊस. मी एका रोपाचं बाहेरचं पान खोडापासून ओढून काढलं. चिकट पिवळा चीक बोटांवर आला, तोच जो वाळला की आजीच्या डब्यातला काळा बोळ होतो, मुरगळलेल्या पायावर लेप लावायचा तो. आणि पानाने खोडाला जिथे मिठी मारलेली असते त्या खाचेत चमचाभर गढूळ पाणी, खाली काळ्या चिखलाचा थर, त्यात अर्धवट कुजलेली कडुनिंबाची काडी आणि एक मेलेली मुंगी. कोरफडीची पानं अशी एकावर एक आवळलेली असतात, की प्रत्येक पानामागे एक छोटंसं डबकं. पिल्लू निघतं त्याच खाचांच्या तळातून, मातीत लोळत. सून म्हणाली, "मावशी, मी तर धुऊन घेतलं होतं." अगं, बाहेरून धुतलं होतंस.

मला खरा धक्का बसला तो पुढच्या तपासात. ११ बाटल्या अजून स्वच्छ दिसत होत्या आणि भाच्याचा जीव त्यांच्यात अडकलेला. "मावशी, निदान या तरी ठेवू." मी प्रत्येकीतल्या एका रोपाच्या बुडाची चकती कापून न्यूट्रिअंट अगरच्या डिशवर ओढली. एमएस माध्यम झाडासाठी असतं, त्यावर कित्येक बॅक्टेरिया धड वाढत नाहीत. न्यूट्रिअंट अगर म्हणजे त्यांच्यासाठी लग्नाचं जेवण. ३० अंशांवर दोन दिवसांत ११ पैकी ७ डिशवर पिवळट-पांढऱ्या रेघा उमटल्या. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या निम्म्याहून जास्त बाटल्या वाहक होत्या.

उरलेल्या चारही मी ठेवू दिल्या नाहीत, कारण त्या कुणाच्या पोटच्या हे कुणालाच माहीत नव्हतं. बाटल्यांवर फक्त तारीख होती. कोणत्या आई-रोपाचा तुकडा, कोणत्या बाटलीतून कोणत्या बाटलीत गेला, काही नोंद नाही. शिवाय एका बाटलीत चार तुकडे, आणि कापताना एकच सुरी एका बाटलीच्या चारही तुकड्यांवर. सुरी दिव्यावर धरायची ती फक्त बाटली बदलताना. एक आजारी असला तरी चौघं आजारी.

भाच्याने दुकानदाराच्या सल्ल्याने माध्यमात अँटिबायोटिक घालायची कल्पना काढली. मोठ्या प्रयोगशाळांत, कोणता जंतू आहे हे ओळखून, फार मोलाचं एखादंच रोप असेल तर करतात तसं. पण सरसकट घातलं की जंतू मरत नाहीत, दबतात. दोन-तीन फेऱ्या बाटल्या स्वच्छ दिसतात, रोपं हजारांत जातात, आणि औषध संपलं की हार्डनिंगच्या, म्हणजे रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावायच्या, ट्रेमध्ये माना टाकतात. मी नाही म्हटलं. तिसाच्या तीस बाटल्या झाकणासकट कुकरमध्ये घालून, शिजवून मग टाकल्या. शिजवल्याशिवाय टाकू नयेत. नाहीतर तेच जंतू त्याच खोलीत उघडून देतो आपण. सून त्या संध्याकाळी माझ्याशी फारसं बोलली नाही. दोन महिन्यांचं काम तिचं होतं.

एक गोष्ट मात्र मी आवाज चढवून सांगितली. तुकडे निर्जंतुक करायला भाचा मर्क्युरिक क्लोराइड वापरत होता आणि वापरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतत होता. पुस्तकात ०.१ टक्का लिहिलेलं असतं, आणि ते काम करतं यात शंका नाही. पण तो पारा आहे. घरात अडीच वर्षांची नात रांगते-धावते, त्याच गच्चीवर पापड वाळतात. ती बाटली त्या दिवशीच बंद करून, नीट विल्हेवाट लावायला मी कॉलेजच्या प्रयोगशाळेकडे दिली. पुढचं सगळं काम सोडियम हायपोक्लोराइटवर झालं, म्हणजे कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं तेच द्रव्य, पातळ करून.

दुसरा डाव पाऊस गेल्यावर मांडला. १२ आई-रोपं काळ्या मातीतून काढून वाळू जास्त असलेल्या कुंड्यांत लावली, गच्चीवर पत्र्याखाली ठेवली, प्रत्येकीला नंबर. सहा आठवडे पाणी फक्त कुंडीच्या कडेने, तेही माती पुरती सुकल्यावर. कोरफडीला याचं काही वाटत नाही. रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवणारी ही जात, दिवसा तोंड मिटून बसते आणि पाणी राखते. एकदा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं पाणी घातलं. पानांच्या खाचा कोरड्या खडखडीत झाल्या, तेव्हाच सुरी लावली.

तुकडेही बदलले. आधी ते दोन सेंटिमीटरचे होते, आता शेंड्याचा ५ ते ८ मिलिमीटरचा गाभा. तासभर वाहत्या नळाखाली, मग साबणाचं पाणी, स्पिरिटमध्ये ३० सेकंद, हायपोक्लोराइटमध्ये १५ मिनिटं. मग लॅमिनारमध्ये बाहेरचं एक आवरण सोलायचं आणि पुन्हा अधिक पातळ हायपोक्लोराइटमध्ये ५ मिनिटं. शेवटी तीनदा निर्जंतुक पाणी. आणि एका परीक्षानळीत एकच तुकडा. स्पिरिटने हात पुसल्यावर तो पूर्ण वाळेपर्यंत दिव्याजवळ न्यायचा नाही, हे मी सुनेला तीनदा सांगितलं, कारण माझ्या एका विद्यार्थिनीच्या बोटांना अशीच आग लागलेली मी पाहिली आहे.

छोट्या तुकड्याची खोड अशी की तो काळवंडतो. कापलेल्या जागेतून फिनॉल आणि तो चीक झिरपतो, हवेशी मिळून तपकिरी होतो, आणि तुकडा स्वतःच्याच रसात गुदमरतो. पहिल्या रात्रीतच नळ्यांचं तळ चहासारखं झालं. उपाय कंटाळवाणा आहे: दर दोन दिवसांनी नव्या माध्यमात हलवायचं, माध्यमात थोडं ॲस्कॉर्बिक आणि सायट्रिक ॲसिड, पहिले काही दिवस अंधार. तिसऱ्या बदलानंतर पाझर थांबला.

४८ नळ्यांपैकी ९ बुरशीने गेल्या, ६ काळवंडून मेल्या. उरलेल्या ३३ ची न्यूट्रिअंट अगरवर परीक्षा घेतली, त्यात ८ नापास. डिसेंबरच्या मध्याला हातात २५ नळ्या होत्या, प्रत्येकीचा वंश वहीत लिहिलेला.

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडंच. एकाचे तीन होतील असं धरलं होतं, अडीच व्हायचे. फेब्रुवारीत काही बाटल्यांतली पानं भिजलेल्या काचेसारखी, अर्धपारदर्शक, ठिसूळ व्हायला लागली. संप्रेरक जास्त झालं की असं होतं. बीएपी निम्म्यावर आणलं, अगर किंचित वाढवला, दोन फेऱ्यांत सुधारलं. मुळांसाठी निम्म्या ताकदीचं एमएस, संप्रेरकाशिवाय. कोरफड तिथे मात्र मोठ्या मनाची, तीन आठवड्यांत पांढरी मुळं बाटलीच्या तळाला टेकतात.

जूनमध्ये पहिली २०० रोपं बाहेर काढली आणि मी स्वतः चुकले. इंदूरकर असल्याचा अभिमान नडला. अल्बर्ट हॉवर्डने १९२४ साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू केली, आणि पालापाचोळा, शेण, माती यांचे थर लावून खत करायची त्याने बसवलेली रीत जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. माझ्या परसात त्याच रीतीने केलेलं काळंभोर, सुगंधी कंपोस्ट होतं. म्हटलं, मुलांना सकस खायला मिळू दे. निम्मं कंपोस्ट, निम्मी वाळू. दहा दिवसांत ७० रोपं मानेपाशी कुजली. जन्मात जंतू न पाहिलेली, पानावर धड मेण न चढलेली, बाटलीच्या दमट हवेत वाढलेली ती रोपं मी भर बाजारात सोडली होती. कंपोस्टचा जिवंतपणा हाच त्याचा गुण, आणि त्याच गुणाने ती गेली. भाचा काही बोलला नाही. सुनेने मात्र वहीत "मावशींचं कंपोस्ट: ७० मृत" अशी नोंद स्वच्छ अक्षरात केली.

पुढच्या खेपा धुतलेल्या कोकोपीट आणि नदीच्या वाळूत लावल्या. मुळांना चिकटलेला अगर कोमट पाण्याने पूर्ण धुवायचा, कारण त्या साखरेवरच बुरशी येते. वर प्लास्टिकचा बोगदा, निम्मी सावली देणारी जाळी, आणि तीन आठवड्यांत बोगदा हळूहळू उघडत न्यायचा. कंपोस्ट दोन महिन्यांनी, चिमूटभर. नुकसान फार थोडं झालं.

जुलैअखेर शेतकऱ्याला २,४०० च्या आसपास रोपं दिली. पाव एकरालाही थोडी कमीच. एसीचं उन्हाळ्यातलं बिल धरलं तर भाच्याला त्यात सुटलं काहीच नाही. ज्याच्याकडे आधीच कोरफडीचं शेत उभं आहे त्याने या भानगडीत पडू नये, पिल्लं काढावीत आणि लावावीत, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. हाताशी मोजकीच निवडक रोपं असतील आणि सगळी एकसारखी हवी असतील, तरच बाटली. भाच्याकडे आता स्वच्छ वंशाच्या बाटल्या आहेत, म्हणून पुढची फेरी त्याला स्वस्त पडेल. पण किती फेऱ्या? आठाच्या पुढे मी त्याला जाऊ देणार नाही. तेच तेच कापत राहिलं की कुठेतरी वेगळ्याच पानाचं रोप निघायला लागतं, आणि ते शेतात लागल्यावरच कळतं.

वहीत एक पान आहे नऊ नंबरच्या आई-रोपाचं. सगळ्यांत जाड पानं तिची. शेतकऱ्याने बोट दाखवून मागितली होती ती हीच. दुसऱ्या डावात तिच्या चारही नळ्या बॅक्टेरियाच्या परीक्षेत नापास झाल्या. मार्चमध्ये पुन्हा चार लावल्या, त्याही नापास. सूक्ष्मदर्शकाखाली अर्ध्या मिलिमीटरचा शेंडा काढला तर कदाचित सुटेल, पण तितका हात ना सुनेचा बसलाय ना माझा आता चालतो. ती कुंडी गच्चीवर पत्र्याखालीच आहे. परवा गेले तेव्हा मोजलं, बुडाशी चार पिल्लं आहेत आणि पाचवं डोकं काढतंय.